‘आज येऊ नका’ हे जाहिरात कधी सांगत नाही

जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की आमच्या कर्जत-खालापूरचा बाजार मोबाइलवर भरतो. ‘मुंबईपासून फक्त ९० मिनिटं’, ‘धबधब्याच्या कुशीत तंबू’, ‘नदीला लागून प्लॉट, शेवटचे काहीच शिल्लक’, ‘नव्या विमानतळाजवळ सेकंड होम’. मी कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहते. आमच्या बांधाखालून जो ओढा वाहतो, तोच मला फोनवर दिसतो आणि त्याच्याखाली ‘आत्ताच बुक करा’ असं बटण असतं. ओढ्याला त्या दिवशी पाणी किती आहे, हे मात्र त्या जाहिरातीत कुठंच नसतं.

जाहिरात मीही करते, हे आधीच सांगून टाकते. घराच्या मागच्या अंगाला आमच्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पाहुणे येतात. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, पुढं कंटोळी, आगाऊ सांगितलं तर गावठी कोंबडी. पूर्वी असा धंदा करणाऱ्याला दोनच वाटा होत्या: चारफाट्यावर फ्लेक्स लावायचा, नाहीतर मुंबईच्या एजंटाला प्रत्येक पाहुण्यामागं कमिशन द्यायचं. फ्लेक्स पहिल्या वादळात फाटायचा आणि एजंट बारमाही टिकायचा. आता माझी लेक ओट्यावर बसून ठरवते की जाहिरात घाटकोपर ते ठाणे एवढ्याच पट्ट्यात दिसावी, तिशीपासून पंचावन्नपर्यंतच्या लोकांना दिसावी, ज्यांना भटकायची आवड आहे त्यांनाच दिसावी. दिवसाचे दोन-तीनशे रुपये टाकले की गिऱ्हाइकाचा फोन थेट माझ्या हातात. चार खोल्यांच्या बाईला एजंटापासून मिळालेली ही सुटका लहान नाही, आणि ती मला सोडायची नाही.

पण ही जाहिरात चालते कशी, हे कळल्यावर काही गोष्टींचा उलगडा झाला. तुम्ही फोन उघडता तेव्हा तुमच्यापुढच्या मोकळ्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो. त्यात कुणी किती पैसे लावले एवढंच बघत नाहीत. ही जाहिरात बघून तुमचं बोट थांबेल का, याचाही अंदाज धरतात. बोट थांबण्याची शक्यता जास्त, तर तीच जागा कमी पैशांत मिळते. मग आमच्या भागातली प्रत्येक जाहिरात धबधब्याची असते आणि चिखलाची एकही नसते, यात नवल काय? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीचं २०२४ चं उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होतं. त्यातले सुमारे १६० अब्ज जाहिरातीतून आले. एवढा डोलारा ज्या गोष्टीवर उभा आहे ती म्हणजे तुमची-आमची नजर. ती हलता कामा नये, एवढंच त्या यंत्राला कळतं.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री एक कुटुंब भिजत दारात आलं. म्हातारी आजी, दोन मुलं, आईवडील. बुकिंग केलंय म्हणाले. मी वही काढली, नाव कुठंच नाही. त्यांनी फोन पुढं केला. फोटो आमच्याच पडवीचा, तुळशीवृंदावनासकट. वर नाव भलतंच, नंबर भलताच. एका समाजमाध्यमावर त्यांना ही जाहिरात दिसली होती आणि निम्मी रक्कम त्यांनी यूपीआयने भरूनही टाकली होती. भरणाऱ्याच्या दृष्टीनं शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पैसे देऊन छापलेली गोष्ट कुणीतरी तपासलेली असणार, असं आपण वर्तमानपत्राच्या काळापासून धरून चाललो आहोत. खोल्या भरल्या होत्या, म्हणून त्यांना पडवीतच गाद्या टाकून दिल्या आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. त्या जाहिरातीबद्दल मीही त्या माध्यमाकडे तक्रार केली. उत्तर यंत्राचं आलं: आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

माझ्या पडवीपुरतीच ही गोष्ट असती तर लिहिली नसती. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मेटाची अंतर्गत कागदपत्रं पाहून बातमी दिली. २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे दहा टक्के, म्हणजे सोळा अब्ज डॉलरच्या आसपास, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज त्यात होता. हा आकडा ढोबळ आणि फुगलेला आहे, असं कंपनीने म्हटलं. निम्मा धरला तरी आमच्या दोन्ही तालुक्यांच्या साऱ्या व्यवहारापेक्षा तो किती पट होईल, याचा हिशेब मला झेपत नाही.

जमिनीच्या जाहिराती तर वेगळंच प्रकरण आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर. तो गुंठ्यागुंठ्याने विकायला काढला की भाव कुठल्या कुठं जातो. मोबाइलवर दिसतो तो हिरवा उतार, त्यावर आखलेला पांढरा चौकोन आणि एक आनंदी जोडपं. शेतजमीन घ्यायची तर या राज्यात आधी शेतकरी असावं लागतं, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि त्यात कर्जत-खालापूरचा भागही येतो, यातलं एक अक्षर त्या चौकोनात नसतं. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही सक्तीचा केला, दंडही ठेवला. चांगला नियम आहे. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना मी तो आवर्जून सांगते, कारण माझ्याकडे जेवायला थांबणाऱ्यांत निम्मे ‘साइट व्हिजिट’ला आलेले असतात.

आता त्याच फोनमधली दुसरी बाजू. आमच्या रस्त्यावरच्या लहान निवासवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. चार खोल्यांवाले, दोन तंबूंवाले, एक चहावाला, दोन जीपवाले, नदीपलीकडचे काही शेतकरी. त्यात ‘सुप्रभात’ टाकायला बंदी आहे; एकदा एका माजी सरपंचांनाही त्यापायी काढलं होतं, ते महिनाभर रुसून होते. नियम साधा: जे सांगायचं ते स्वतः पाहिलेलं असावं आणि सोबत वेळ लिहावी. ‘सकाळी सहा दहा, पुलाच्या दुसऱ्या खुणेपर्यंत पाणी.’ ‘आठ वाजता, चारफाट्यावर पोलीस गाड्या परत पाठवतायत.’ ‘वरच्या वाडीकडची वाट खचली, मी आत्ता तिथूनच आलो.’

या गटाला जे ठाऊक आहे ते कोणत्याही नकाशात नाही. उल्हास नदीचं पाणी राजमाची-लोणावळ्याकडून उतरतं. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळला तर इकडं ऊन पडलेलं असतानाही नदी बघता बघता वाढते. मुंबईचा पाहुणा आभाळाकडं बघतो, स्वच्छ दिसलं की पाण्यात उतरतो. म्हणून राजमाचीकडच्या कुणाचा संदेश पहाटे आला की आम्ही आपापली वही काढून बसतो आणि एकेका पाहुण्याला फोन लावतो: आज येऊ नका. पैसे परत करतो. जुलैतला रविवार हातचा जातो, आणलेली कोंबडी घरच्यांनाच खावी लागते. काही पाहुणे चिडतात. ‘मावशी, इन्स्टावर तर लोक आत्ता तिथं नाचतायत,’ असं एक मुलगा मला म्हणाला. ते नाचणं कधीचं होतं, हे मला सांगता आलं नाही आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. जाहिरात सगळं सांगू शकते, फक्त ‘आज येऊ नका’ हे सांगू शकत नाही. ते सांगितलं तर ती जाहिरातच उरत नाही. आणि आमच्यासारख्या डोंगराखालच्या मुलखात वर्षातले चार महिने नेमकं तेच एक वाक्य सर्वांत महत्त्वाचं असतं. ज्याला ते वाक्य उच्चारता येतं आणि त्यापायी स्वतःचं नुकसानही सोसता येतं, त्याच्यावरच माणसाचा विश्वास बसतो. लोक मोठी मैदानं सोडून लहान गटांकडे वळतायत त्याचं कारण मला इथं दिसतं.

माझा धाकटा दीर रोज कर्जत लोकलने भायखळ्याला जातो. बदलापूरपासून कर्जतपर्यंत जायला एक आणि यायला एक असे दोनच मार्ग. एक मालगाडी अडली की मागचं सगळं अडतं. त्याच्या प्रवाशांच्या गटात आणि एम-इंडिकेटरच्या चॅटवर दिवसभर तुटक वाक्यं पडत असतात: ‘वांगणीला उभी’, ‘नेरळ सोडलं’, ‘ही सोडा, मागची मोकळी आहे’. तो दहा सेकंद वाचतो आणि फोन खिशात टाकतो. समाजमाध्यमाला त्यानं तासभर खिळून राहायला हवं असतं. या गटाचं काम त्यानं फोन खिशात टाकला की झालं. दोघांचा हिशेबच उलटा आहे.

खोपोलीकरांना तर हे मी सांगायला नको. ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ हे नाव द्रुतगती मार्गावर आणि बोरघाटात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गुरुनाथ साठेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही फळी व्हॉट्सॲपवरच्या हाकेवर धावते. घाटात गाडी उलटल्याचा निरोप आला की क्रेन, रुग्णवाहिका, दोर आणि गॅसकटर यांतलं कुणाकडं काय आहे आणि सर्वांत जवळ कोण आहे, हे तिथं विचारत बसावं लागत नाही. माणसं एकमेकांना नावानं आणि कामानं ओळखतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या महामार्गावर शिंग्रोबा मंदिराजवळ गोरेगावच्या झांजपथकाची बस दरीत गेली. तेरा जण गेले, त्यात बहुतेक कोवळी मुलं. अंधारात दोर लावून खाली उतरणाऱ्यांत खोपोलीचे स्वयंसेवक आणि यशवंती हायकर्सचे गिर्यारोहक होते. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हाही पावसात, चिखलात, गाडीरस्ता नसलेल्या त्या वाडीपर्यंत हीच मंडळी चढली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसांना बेपत्ता ठरवून शोध थांबवावा लागला. अशा वेळी लाखभर अनुयायी असलेल्या पानाचा उपयोग शोक व्यक्त करण्यापुरता. घराबाहेर पडतात ते एकमेकांना ओळखणारे मूठभर लोक.

लहान गट म्हणजे सगळं चांगलंच, असं मात्र कुणी समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरूनच फिरत होती, आणि ती अशाच ओळखीच्या गटांतून, काका-मामांच्या नंबरावरून आलेली होती. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ओळख ही तपासणीची जागा घेऊ शकत नाही. आमच्या गटात ‘पुढं ढकललेला’ संदेश चालत नाही तो याच धड्यामुळे. मग तो पोलीस पाटलांनी टाकलेला असो.

दुसरी उणीव अधिक बोचरी आहे. गटात कोण नाही, ते बघा. आमच्या निवासवाल्यांच्या गटात बायका मोजक्या, कारण फोन घरात एक आणि तो घरधन्याकडे. वरच्या वाडीतल्या ठाकूर घरांत फोन आहे, रेंज नाही. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, आठ महिने पत्ता बदलत राहतो. त्यांना कुठल्याच गटात कुणी जोडलेलं नाही. पण ओढ्याचं पाणी सगळ्यात आधी कळतं ते त्यांनाच. आम्ही वाडीतल्या एका मुलाला जीपवाल्यामार्फत जोडून घेतलंय. तो खाली रेंजमध्ये आला की सांगतो. हे तोकडं आहे, आणि ते सुधारणं आमच्याच हातात आहे.

आता या गटांच्या दारातही जाहिरात येऊन उभी आहे. व्हॉट्सॲप २००९ साली सुरू झालं तेव्हा जाहिरात घ्यायचीच नाही, असा त्याच्या संस्थापकांचा बाणा होता. २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतलं आणि जून २०२५ मध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती दाखवणार असल्याचं जाहीर झालं. खासगी गप्पांत आणि गटांत त्या येणार नाहीत, असं कंपनी म्हणते. मला त्याहून जवळची भीती आहे. मागच्या उन्हाळ्यात एक तरुण आमच्याकडे आला. ‘ताई, तुमच्या ग्रुपमध्ये रोज आमची एकच पोस्ट टाकू द्या, महिन्याला ठरलेले पैसे देतो. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, तोच आम्हाला हवाय.’ पोरगा प्रामाणिक होता. नक्की काय विकत घ्यायला आलोय, हे त्यानं सरळ सांगितलं.

गटात यावर वाद झाला. चहावाला म्हणाला, पैसे घेऊ, त्यातून चांगले दोर आणि लाइफ जॅकेट येतील. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं; दोर खरंच झिजले आहेत. पण नदीकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टची पोस्ट आम्ही पैसे घेऊन रोज टाकली आणि जुलैत त्याच रिसॉर्टसमोर पाणी वाढलं, तर ‘आज तिकडं जाऊ नका’ असं लिहिताना आमचा हात अडखळणार नाही का? पहिल्या वर्षी अडखळणार नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही ‘जरा जपून’ असं लिहू, तिसऱ्या वर्षी गप्प बसू. शेवटी नाही म्हणायचं ठरलं. दोरांसाठी प्रत्येकानं वर्गणी काढली, चहावाल्याने सर्वांत जास्त दिली.

म्हणून ज्यांचे असे गट आहेत त्यांना माझं सांगणं आहे: ते वाढवायच्या नादी लागू नका. व्हॉट्सॲपने गटाची मर्यादा २०२२ मध्ये २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ केली, म्हणून तेवढी भरती करायलाच हवी असं नाही. लिहिणाऱ्याला तोंडावर विचारता येईल, ‘अरे, तू खरंच पाहिलंस का?’, एवढाच गट कामाचा. आणि पाहुण्यांना सांगते की जाहिरात जरूर बघा, माझीही बघा, पण निघण्यापूर्वी त्या गावातल्या एका माणसाला फोन करून विचारा: आज यावं का? ज्याच्याकडून या प्रश्नाला कधीच ‘नको’ असं उत्तर येत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

राहिलं सरकार. दर पावसाळ्यात आमचे उपविभागीय दंडाधिकारी आदेश काढतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आषाणे, सोलनपाडा, पाली-भूतिवली, खोपोलीचा झेनिथ अशा ठिकाणी जायला बंदी. पोलीस पावसात भिजत गाड्या परत पाठवतात. मी वाचलेल्या आदेशांत पर्यटकावर बंदी असते, पाण्यात उतरण्यावर असते, मद्यावर असते. त्या ठिकाणाची पैसे देऊन जाहिरात करण्यावर कुठंच नसते. म्हणजे एका हातानं पोलिसानं गाडी अडवायची आणि त्याच गाडीतल्या मुलाच्या फोनवर त्याच धबधब्याची जाहिरात चालू राहायची.

हे थांबवणं अवघड नाही. जे यंत्र घाटकोपर ते ठाणे एवढाच पट्टा निवडू शकतं, त्याला एखाद्या ठिकाणाचं नाव दोन महिने वगळणंही जमतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर सध्या चालू असलेली जाहिरात कोणत्या पानानं दिली आहे, हे कंपनीच्या ॲड लायब्ररीत कुणालाही शोधता येतं. तहसील कार्यालयातल्या एका कारकुनाला आठवड्यातून अर्धा तास बसवलं तरी बंदी असलेल्या ठिकाणांची यादी तपासून होईल. दुसरं, राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, ‘न्याहारी व निवास’ योजना त्याआधीची आहे. दोन्हींत नोंदणी होते, प्रमाणपत्र मिळतं. घराच्या जाहिरातीला महारेराचा क्रमांक लागतो, मग खोलीच्या जाहिरातीला हा नोंदणी क्रमांक का लागू नये? माझ्या पडवीचा फोटो चोरता येईल. माझा क्रमांक लावून पैसे मागणारा पहिल्याच चौकशीत सापडेल.

तेव्हा रायगड जिल्हा प्रशासनाकडे मागणी दोन ओळींची आहे. या पावसाळ्याच्या बंदी आदेशात, बंदीच्या काळात त्या ठिकाणाची सशुल्क जाहिरात देणाऱ्यालाही जबाबदार धरलं जाईल, अशी एक ओळ घाला. आणि जिल्ह्यातल्या निवासाच्या प्रत्येक जाहिरातीवर नोंदणी क्रमांक असावा, अशी दुसरी. यातला तोटा पहिल्यांदा माझ्यासारख्यांनाच होणार आहे, हे ठाऊक असूनच मागते आहे.